अकरा दिवस उशिरा बोलणारं कपाळ

"हे तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही. वाटलं, तर घाण्याला मोटारीऐवजी मला जुंपा."

एवढं म्हटल्याशिवाय मन्मथअप्पा कलशेट्टींची कुठलीच गोष्ट सुरू होत नसे. कळंबच्या बाजारपेठेमागं त्यांचा लाकडी तेलघाणा. बैल जाऊन मोटार आली, विजेची मोटार जाऊन उन्हावर चालणारी आली. पण घाण्याचं लाकूड तेच, अप्पा तेच, आणि करडईच्या पोत्यावर बूड टेकून गोष्टी ऐकणारी माणसंही जवळजवळ तीच. साल तेवढं दोन हजार त्रेचाळीस लागलं होतं.

आजची गोष्ट येरमाळ्याच्या एका नवरदेवाची होती. पोरगा म्हणे गळ्यात माळ घालून आला, अंड्याचं नाव काढलं तरी कान धरायचा. पण मुलीचा मामा बेरकी. त्यानं बोहल्यावर चढायच्या आधी नवरदेवाच्या कपाळाला टिपपट्टी चिकटवली. मिनिटभरानं सोलून मोबाईलपुढं धरली, तर पट्टीवर बोकडाची चरबी.

"आणि बोकड कुणाचा?" अप्पांनी डोळे बारीक केले. "मामाच्याच गोठ्यातला. दसऱ्याला हरवलेला. काळा, डावा कान फाटका."

"अप्पा, चरबीवरनं कान फाटका हाय हे कसं कळलं?" पोत्यावरच्या एकानं विचारलं.

"म्हणून तर आधीच सांगितलं, खरं वाटणार नाही."

त्या गोष्टीतला बोकड खोटा होता, मामाही बहुतेक खोटाच. पण टिपपट्टी मात्र खरी होती. अंगठ्याच्या नखाएवढा कागद. कपाळाला लावायचा, चेहऱ्यावरचं तेल तो टिपून घेतो, आणि त्या तेलात कुठकुठले कण आहेत ते मोबाईल वाचतो. सुरुवातीला ही पट्टी तेलकट चेहऱ्याच्या पोरीपोरांसाठी निघाली होती. मग विमेवाल्यांना तिचा वास लागला, मग वसतिगृहांना, मग सोयरीक जुळवणाऱ्यांना. लोक मुलगी बघायला जाताना तीन-तीनदा साबणानं तोंड धुऊन जाऊ लागले. उपयोग काही नसे. तोंड धुतलं म्हणून कातडी बोलायची राहत नाही.

अशीच एक पट्टी दर सोमवारी अप्पांच्या घरी यायची. तिच्याबद्दल मात्र अप्पा कधी गोष्ट सांगत नसत.

ती यायची शिवलीलेसाठी. शिवलीला म्हणजे अप्पांची एकुलती एक लेक. वय चौतीस. शिराढोणच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दोन वर्षांमागं फळ्यासमोरच पोट धरून खाली बसली ती दवाखान्यातच उठली. तिचं रक्त काढून नळीत ठेवलं, तासाभरानं त्यावर बोटभर पांढरी साय आली. अप्पांनी ती नळी बघितली आणि त्यांना वाटलं, कुण्या गवळ्याच्या दुधाचा नमुना चुकून लेकीच्या नावावर पडलाय. नमुना तिचाच होता. दोष जन्मापासूनचा, उघडा मात्र उशिरा पडलेला. तो धरून असे तीन झटके येऊन गेले. चौथ्याचं नाव निघालं की डॉक्टर खिडकीबाहेर बघायचे.

लीला रजा टाकून घरी आली. आई सात वर्षांपूर्वी गेली होती, म्हणून चूल अप्पांच्या हाती. त्या चुलीपाशी बसून लीलेनं एकदा त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं, सहावीच्या वर्गाला सांगावं तसं.

"तुमचं तेल पोटात जातं ना अप्पा, ते आधी नुसतं तरंगतं. ओशट भांड्यात पाणी घातल्यावर तरंगतं तसं. मग पित्त येतं. पित्त म्हणजे आपला साबण. ते तेलाचे बारीक बारीक थेंब करतं. मग स्वादुपिंडातली कात्री येते. तेलाचा एकेक कण म्हणजे एका दांडीला लावलेल्या तीन शेपट्या. कात्री त्यातल्या दोन कापते, आणि ते तुकडे आतड्याच्या भिंतीतून आत शिरतात."

"आत जाऊन काय करतेत?"

"परत जोडले जातात."

"मग कापले कशाला? ही तर सरकारी कामाची तऱ्हा झाली."

लीला हसली. ती हसली की अप्पांना घाण्याच्या पहिल्या धारेसारखं वाटायचं. "अख्खं तेल भिंतीतून जात नाही म्हणून. आत गेल्यावर त्याची गाठोडी बांधतात. गाठोड्यांच्या गाड्या आधी आडवाटेनं जातात, मग मोठ्या रस्त्याला लागतात, म्हणजे रक्ताला. जागोजागी त्यांचा माल उतरवायला हमाल असतात. माझ्याकडं हमालच नाहीत. भरलेल्या गाड्या फिरत राहतात, रस्ता तुंबतो. स्वादुपिंडाजवळच्या बारीक गल्ल्या तुंबल्या की तिथली कात्री बाहेर सांडते आणि स्वतःचंच घर कापायला लागते. तो माझा झटका."

अप्पांनी चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग त्यांनी विचारलं, "आन् हे कपाळावर कसं येतं? भजी खाल्ली की पोरींची तोंडं तेलकट होतेत, ते असंच ना?"

"ते खोटं. भज्यांचं तेल उठून थेट चेहऱ्यावर येत नाही. कातडीखाली बारीक ग्रंथी असतात, त्या त्यांचं तेल त्याच घडवतात. पण एक कण असा आहे, जो अंगाला घडवता येत नाही, बाहेरूनच यावा लागतो. तुमच्या करडईत तर तोच भरलेला. तुंबलेल्या गाड्यांतूनही थोडा गळतो, ग्रंथीत पोचतो, तिथल्या मेणात विणला जातो. मग ती पेशी भरून फुटते, आणि वर यायला तिला—"

"अप्पा, दोन किलो करडई तेल," दारातून गिऱ्हाइकानं हाक मारली, आणि अप्पा उठले. पुढचं वाक्य लीलेनं चुलीला सांगितलं.

उपाय एकच होता. एका मोठ्या केंद्रात एक इंजेक्शन निघालं होतं. हमाल कसे घडवायचे याचा नुसता कागद एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बांधून यकृताकडं पाठवायचा. जन्मात एकदाच देता येतं, कारण दुसऱ्यांदा शरीर त्या विषाणूला ओळखतं आणि वाटेतच मारतं. दहातल्या चौघांनाच गुण येई. डोस बनवले होते चाळीस. पुढं बनवणार नाहीत असं केंद्रानं सरळ सांगितलं होतं, आणि रांगेत माणसं हजारावर. लीलेचं नाव त्या चाळिसांत लागलं होतं. अट अशी, की आधी साठ दिवस बियांचं तेल, तूप, दाणे, तीळ, खोबरं काही पोटात जाता कामा नये. अंगात गाड्या तुंबलेल्या असताना इंजेक्शन दिलं, तर माणूस टेबलावरच जातो. सुरुवातीचे तिघं तसेच गेले होते. रक्त तपासून भागत नव्हतं. रक्त कालचं तेवढं सांगतं; दोन दिवस उपास केला की तेही फसतं. कातडीला उपास माहीत नाही. म्हणून टिपपट्टी. पट्टी एकदा बोलली, की नाव कटलं आणि पुढचा माणूस वर.

केंद्रानं एक बाटली दिली होती. त्यातल्या तेलाच्या शेपट्या आखूड. ते गाड्यांत न चढता सरळ यकृतात जाऊन जळून जायचं. दिवसाला दोन चमचे चालायचं. अप्पांनी ती बाटली नाकाशी धरली, जिभेला लावली आणि फळीवर मागं सरकवून ठेवली.

"ह्याला वास नाही, रंग नाही, आईबाप नाहीत. हे तेल नव्हं, तेलाचं सोंग आहे."

"सोंगच जगवणार आहे मला," लीला म्हणाली.

दर सोमवारी अल्फिया सय्यद यायची. आरोग्य केंद्रातली ताई, स्कूटरवर. पट्टी लावायची, मोबाईल धरायची, हिरवा ठिपका आला की चहा प्यायची. अप्पा तिला एखादी गोष्ट सांगायचे, तीही "खरं का?" म्हणून विचारायची, म्हणजे चहा दुसऱ्यांदा मिळायचा.

चाळीस दिवस असे गेले. लीला उकडलेलं खायची. बिनतेलाची भाजी, बिनफोडणीचं वरण, कोरडी भाकरी. टाचा भेगाळल्या, ओठ सुकले, केस कंगव्यात येऊ लागले. कातडी अशी झाली, की तिनं हात खाजवला तर पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखी पांढरी रेघ उठायची. ती कधी तक्रार करत नसे. अप्पाच ताट वाढताना तोंड फिरवायचे.

कारण असं ताट त्यांनी आयुष्यात एकदाच वाढलेलं होतं. माणूस गेलं की घरात फोडणी देत नाहीत. बायको गेली तेव्हा तेरा दिवस असंच पांढरं वरण, अशीच ओकीबोकी भाजी. चौदाव्या दिवशी कढईत तेल तापलं, मोहरी तडतडली, तेव्हा घर पुन्हा जिवंतांचं झालं. आणि आता जितीजागती लेक समोर बसून चाळीस दिवस सुतकाचं ताट जेवत होती. अप्पांना शास्त्र कळलं होतं, गाड्या कळल्या होत्या, हमाल कळले होते. पण हात ताटापाशी गेला की त्या हाताला काहीच कळायचं नाही.

सेहेचाळीसाव्या दिवशी वेळ अमावस्या आली. येळवस. त्या दिवशी कळंबमध्ये कुत्रंसुद्धा गावात राहत नाही. सगळा मुलूख शेतात जेवतो. अप्पांचं दोन एकर मांजरा नदीकाठी. कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप उभी केलेली, आत पाच दगडांना चुना लावून मांडलेले पांडव, मडक्यात आंबील, टोपल्यात बाजरीचे वाफवलेले उंडे, आणि पातेलंभर भज्जी. तुरीचे सोले, ओला हरभरा, वाल, मेथी, पातीचा कांदा, जे रानात सापडेल ते सगळं ताकपिठात शिजलेलं, वर लसणाची फोडणी. लीलेची भज्जी वेगळ्या डब्यात होती. फोडणीआधी काढलेली. फिकट हिरवी, आजारी माणसाच्या जिभेसारखी.

"तिखटमीठ बरोबर आहे ना गं?" अप्पांनी विचारलं.

तिनं डब्यात बोट घालून चाखलं. "बरोबर आहे."

"आन् चव?"

"चवीचं काय अप्पा. येळवस आहे एवढं पुरे."

ती नैवेद्याचं ताट घेऊन कोपीत गेली. आत शिरताना पाठमोरी तिची वेणी दिसली. पूर्वी मनगटाएवढी होती, आता करंगळीएवढी. अप्पांच्या बंडीच्या खिशात एक चपटी बाटली होती. कशाला आणली होती, हे त्यांनी सकाळपासून स्वतःलाही विचारलं नव्हतं. सकाळचंच तेल, पहिल्या दाबाचं, अजून घाण्याच्या लाकडाची ऊब असलेलं. त्यांनी बूच काढलं. डब्यावर एक धार सोडली, सुतासारखी बारीक. हात थांबला नाही, म्हणून अजून एक. बोटानं ढवळलं, बोट धोतराला पुसलं. चमचाभर तेलानं कुणी मरत नाही, असं ते मनात म्हणाले. आणि हे मात्र खरंही होतं.

लीला बाहेर आली, बसली, जेवली. पहिला घास घेऊन तिनं अप्पांकडं बघितलं. मग उंडा मोडला, डबा पुसून जेवली. पाण्याचा तांब्या उचलताना तिच्या ओठांवर किंचित चकाकी होती. अप्पांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि शेजारच्या शेतातल्या माणसांना गोष्ट सांगायला घेतली. एका येळवशीला आंबील पिऊन मांजरा नदी कशी उलटी वाहिली होती त्याची.

चार दिवसांनी सोमवार आला. अल्फियानं पट्टी लावली तेव्हा अप्पांनी देवळीतल्या लिंगाला मनातल्या मनात काय काय कबूल केलं ते देवालाच माहीत. ठिपका हिरवा. अप्पांनी स्वतः चहा केला, साखर दुप्पट घातली. देवानं डोळेझाक केली, त्यांना वाटलं. वर यायला किती दिवस लागतात, हे लीलेच्या त्या चुलीपाशी तुटलेल्या वाक्याचं शेपूट त्यांनी ऐकलंच कुठं होतं.

लीलाही त्या आठवड्यात वेगळीच होती. हलकी. सकाळी अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसायची. शाळेतल्या वह्या मागवून घेतल्या, पोरांच्या निबंधांवर हसली. शेजारणीला म्हणाली, माझ्या दोन चांगल्या साड्या तू नेस. अप्पांनी मनात मांडलं, बरी होण्याआधी माणूस असंच होत असावं. त्यांनी तिच्या कपाळाकडं बघितलं. येळवशीपासून नवव्या-दहाव्या दिवशी तिथं अगदी फिकी तुकतुकी आली होती. अप्पांना ती लेकीची प्रकृती वाटली.

सत्तावन्नावा दिवस सोमवारचा. इंजेक्शनची तारीख शुक्रवारची, गाडी ठरलेली, पिशवी भरलेली. अल्फियानं पट्टी सोलली, मोबाईल धरला आणि नेहमीसारखी चहाची कपबशी जवळ ओढली नाही.

"लीलाताई, कपाळ पुसून पुन्हा एकदा लावते हं."

पुन्हा लावली. पुन्हा लाल.

"करडई," ती हळूच म्हणाली. "अकरा दिवसांपूर्वीची."

"डोक्याला लावलं होतं मी तिच्या," अप्पा पुढं झाले. "चंपी. ओघळलं आसंल कपाळावर. तेल्याच्या घरात कपाळाला तेल लागणार नाही तर काय चुना लागंल?"

"अप्पा, लावलेलं तेल वर सुटं पडून राहतं. पट्टी त्याला मोजतच नाही." अल्फिया त्यांच्याकडं न बघता बोलत होती. "हे मेणात विणलेलं आहे. आत गेल्याबिगर असं विणलं जात नाही. आणि मी दाबून टाकलं असतं हो, पण आकडा इथं दिसायच्या आधी तिकडं पोचतो."

पाव तासात इंजेक्शनवाल्या केंद्रातून फोन आला. लीलेनंच घेतला. पलीकडचं बोलणं अप्पांना ऐकू येत नव्हतं. लेकीचं तेवढं ऐकू येत होतं.

"हो. शिवलीला कलशेट्टी... हो, बरोबर आहे पट्टी... नाही, कुणी फसवून नाही दिलं... हो. माहीत असून खाल्लं. मीच." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. "नाही, तक्रार नाही. पुढचं कोण आहे?... किती वर्षांचा?... बरं. त्याला द्या."

अप्पा उंबऱ्यात उभे होते. बोलायला त्यांच्याकडं जन्मभर शब्दांचा तोटा नव्हता. 'मी घातलं' हे दोन शब्द तेवढे त्यांच्या तोंडातून निघाले नाहीत. अल्फियानं लीलेच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि गेली. स्कूटरचा आवाज बाजारपेठेत मिसळून गेला. दुपारचं ऊन अंगणात होतं तसंच होतं. भरलेली पिशवी दाराशी.

लीलेनं पिशवीची चेन उघडली आणि घड्या घातलेले कपडे एकेक करून बाहेर काढायला लागली.

लेकीनं आपला दोष स्वतःच्या अंगावर घेतला, हे अप्पांना फोन चालू असतानाच उमगलं होतं. ते तिच्यापाशी जाऊन बसले. 

"हे बघ, कसं झालं ते सांगतो. तू उगंच 'मीच' म्हणालीस. चूक तुझी नाही, माझी नाही, चूक भीमाची."

लीलेनं टॉवेलची घडी गुडघ्यावर ठेवली. "कुठल्या भीमाची?"

"कोपीतल्या. पाचांतला दुसरा दगड. मुलखाचा खादाड, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यापुढं नैवेद्याची भज्जी होती, तेलाची. तुझा डबा मी तिथंच बाजूला टेकवला, पान आणायला वळलो, तेवढ्यात शेजारच्या शेतातल्या धोंडिबाचं कुत्रं कोपीत शिरलं. मी हाड हाड करेस्तोवर त्यानं शेपटीनं सगळं उलटंपालटं केलं. तुझी भज्जी भीमापुढं, भीमाची तुझ्या डब्यात." अप्पांना बोलता बोलता जोर आला. हात हलायला लागले. "मला तवाच वाटलं होतं, भीम तोंड वाकडं करून बसलाय. बिनतेलाचं कोण खाईल? आता हे मी अल्फियाला सांगतो, ती वर सांगंल. तिथं पण माणसंच बसलीत, कुत्र्याच्या पायी कुणाचा जीव घेत नाहीत ती. शुक्रवार अजून लांब आहे. एक डोस बाजूला काढून ठेवा म्हणावं. धोंडिबा साक्ष देईल. कुत्रं पण देईल, त्याच्या शेपटीला टिपपट्टी लावा, करडई निघाली नाही तर—"

लीला ऐकत होती. लहानपणी घाण्यावर बसून ऐकायची तशी, हनुवटी गुडघ्यावर टेकवून.  मग त्यांचा हलता हात तिनं धरून खाली ठेवला.

"खोटं बोलताय, अप्पा," ती म्हणाली. "धार तुम्ही सोडलीत. कडब्याच्या फटीतून मी बघत होते. सुतकाचं हे ताट मलाही नको झालं होतं. बघितलं, आणि बाहेर येऊन जेवले."